बोर्श्च : सूप आणि त्याच्या मायदेशाचा वाद

पूर्व युरोपात घरोघरी होणारे, बहुधा बीटमुळे लालभडक दिसणारे आंबट सूप. युक्रेन, रशिया, बेलारूस, पोलंड, लिथुएनिया, मोल्दोव्हा या सगळ्या देशांत ते रोजच्या जेवणात असते. युक्रेनियन आणि रशियन भाषांत त्याचे नाव अक्षर न अक्षर सारखे लिहिले जाते, आणि भांडणही मुख्यतः याच दोघांत आहे. हे सूप मुळात कोणाचे, हा प्रश्न एकविसाव्या शतकात परराष्ट्र खात्यांच्या निवेदनांपर्यंत आणि तिथून युनेस्कोपर्यंत गेला.

नावापासून सुरुवात केली की पहिलाच धक्का बसतो. ‘बोर्श्च’ हा शब्द बीटचा नव्हे. स्लाव भाषांत तो एका रानभाजीचा होता. ओलसर कुरणात वाढणाऱ्या या झाडाची पाने आणि देठ पाण्यात आंबवत आणि त्या आंबट पाण्याचे कालवण करत. पोलिश भाषेत आजही ‘बार्श्च’ म्हटले की सूपही कळते आणि ती वनस्पतीही. तिचाच एक दांडगा भाऊबंद सोव्हिएत काळात जनावरांचा चारा म्हणून लावला गेला आणि पुढे शेतांबाहेर पसरला. त्याचा चीक अंगाला लागून वर ऊन पडले की कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. खाण्याची जात वेगळी, पण नाव तेच. थोडक्यात, सूप आधी, बीट मागाहून. बटाटा आणि टोमॅटो तर अमेरिका खंडातून आलेले; आजच्या बोर्श्चमध्ये ते हक्काने बसले असले तरी या भांड्यात त्यांचा शिरकाव अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला आहे. ‘मूळ बोर्श्च’ शोधणाऱ्याने कोणते मूळ हवे ते आधी ठरवावे : नावाचे, आंबटपणाचे की रंगाचे?

रुमानियात तर आणखीच गंमत आहे. तिथे ‘बोर्श’ म्हणजे गव्हाचा कोंडा आंबवून केलेले पाणी. ते ज्यात घालतात त्या आंबट सूपलाही तेच नाव चालते, मग त्यात बीट असो वा नसो.

आज युक्रेनमध्ये ज्याला बोर्श्च म्हणतात ते करणे वेळखाऊ काम आहे. हाडासकट मांस मंद आचेवर तास-दोन तास उकळून पाणी काढायचे. दुसरीकडे कढईत चरबीवर किंवा तेलात कांदा आणि गाजर परतायचे. आपल्या फोडणीसारखेच हे काम वेगळे करून शेवटाकडे भांड्यात ओतायचे. बीटची खरी परीक्षा इथेच. त्याचा लाल रंग आम्लात टिकतो, आणि नुसत्या पाण्यात फार वेळ उकळला तर विटकरी, मळकट होतो. म्हणून बीटच्या काड्या व्हिनेगर किंवा टोमॅटो घालून वेगळ्या शिजवतात. जुनी रीत बीटच पाण्यात काही दिवस आंबवून त्याचे ‘क्वास’ करण्याची आहे. गाजराची कांजी प्यालेल्यांना तिची चव अनोळखी वाटणार नाही. मग कोबी, बटाटा, कधी घेवड्याचे दाणे. उतरवताना लसूण आणि डुकराची खारवलेली चरबी एकत्र कुटून त्यात ढवळतात. वर आंबट सायीचा, म्हणजे स्मेतानाचा, गोळा आणि बारीक चिरलेला शेपू. महाराष्ट्रात शेपूचे नाव काढले की अर्धे घर नाक मुरडते. तिकडे शेपूशिवाय बोर्श्चची वाटी कोणी पुढे करणार नाही. सोबत लसणाचे तेल लावलेले मऊ पाव, ‘पाम्पुश्की’. दुसऱ्या दिवशी मुरलेले बोर्श्च जास्त चांगले लागते, यावर मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकमत आहे.

हा झाला एक प्रकार. युक्रेनच्या पोल्तावा भागात त्यात कोंबडी किंवा हंसाचे मांस आणि ‘हालुश्की’ नावाच्या पिठाच्या उंड्या पडतात. वसंतात हिरवे बोर्श्च होते, आपल्याकडच्या चुक्याच्या जातकुळीतल्या आंबट पाल्याचे, वर उकडलेले अंडे. नाताळच्या आदल्या रात्री उपासाच्या बारा पदार्थांत बिनमांसाचे बोर्श्च असते. पोलंडमध्ये त्या रात्री स्वच्छ गाळलेले लाल बार्श्च मश्रूम भरलेल्या इवल्याशा करंज्यांसह वाढतात, तर पांढरे बार्श्च पीठ आंबवून करतात आणि ते ईस्टरला लागते. स्वस्त वस्तूला पोलिश माणूस ‘बार्श्चसारखी स्वस्त’ म्हणतो. गरिबाघरचे अन्न होते याची ही साक्ष. लिथुएनियात उन्हाळ्यात आंबवलेल्या दुधात बीट किसून थंडगार गुलाबी सूप करतात आणि शेजारी गरम बटाटे ठेवतात. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी हे सूप अमेरिकेत नेले. न्यू यॉर्कजवळच्या कॅट्स्किल डोंगरातल्या त्यांच्या सुटीच्या हॉटेलांच्या पट्ट्याला ‘बोर्श्च बेल्ट’ असे नावच पडले.

उगमाच्या कथाही आहेत. १६८३च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात उपाशी कोसॅक, म्हणजे युक्रेनकडच्या गवताळ मुलखातल्या लढवय्या, सैनिकांना आसपासच्या बागांत बीटच सापडले, ते त्यांनी चरबीत परतले आणि बोर्श्च जन्मले, ही त्यातली लाडकी. तंजावरच्या मुदपाकखान्यात कोकमाऐवजी चिंच पडली आणि संभाजीराजांवरून ‘सांबार’ नाव आले, या आपल्या आवडत्या आख्यायिकेची ती सख्खी बहीण शोभते. अशा कथा मोहिमा आणि राजे शोधतात. कालवण बहुधा कोणाच्या तरी परसात, कोणाचे लक्ष नसताना बदलत जाते.

लेखी पुराव्यांत युक्रेनियन अभ्यासक मार्टिन ग्रूनेवेग या डान्झिगच्या (आजचे पोलंडमधले ग्दान्स्क) प्रवाशाकडे बोट दाखवतात. १५८४मध्ये तो कीव्हला गेला होता. तिथले रुथेनियन, म्हणजे आजच्या युक्रेनियन आणि बेलारूसियनांचे पूर्वज असलेले, लोक बोर्श्च क्वचितच विकत घेतात, कारण ते ज्याच्या-त्याच्या घरी होते आणि तेच त्यांचे रोजचे अन्नपाणी आहे, असे त्याने टिपून ठेवले. ते बीटचेच असेल हे गृहीत धरू नये. शिवाय त्या वेळी कीव्ह होते पोलंड-लिथुएनियाच्या संयुक्त राज्यात. आजच्या नकाशातला देश त्या काळच्या चुलीवर नेऊन ठेवायचा म्हटले की असा घोळ होणारच.

तरीही ‘मग ते सगळ्यांचेच’ म्हणून विषय संपवणे बरोबर नाही. बीटचे दाट, भाज्यांनी गच्च बोर्श्च ज्या प्रदेशात सर्वांत विविध रूपांत आणि सर्व विधींत आढळते तो युक्रेन आहे. रशियन शेतकऱ्याचे रोजचे सूप कोबीचे ‘श्ची’. तिथली म्हणसुद्धा ‘श्ची आणि लापशी, हेच आपले अन्न’ अशी आहे. सोव्हिएत खाद्यलेखक विल्यम पोखल्योबकिन यांनीही बोर्श्चला युक्रेनियन स्वयंपाकात जागा दिली होती. पण आधी साम्राज्याच्या आणि नंतर सोव्हिएत खानावळींच्या वाटेने ते सर्वत्र पोचले, ‘मॉस्को’ आणि ‘आरमारी’ असे त्याचे प्रमाणित प्रकार झाले आणि बाहेरच्या जगाने ते सरसकट ‘रशियन’ म्हणून मेन्यूवर छापले. युक्रेनियनांचा राग सूपपेक्षा या शिक्क्यावर आहे.

२०१९मध्ये रशियाच्या परराष्ट्र खात्याने ट्विटरवर बोर्श्च रशियाच्या सर्वांत प्रसिद्ध पदार्थांपैकी एक असल्याचे लिहिले आणि कीव्हमध्ये संताप उसळला. युक्रेनियन शेफ येव्हेन क्लोपोतेन्को यांनी युनेस्कोत नोंदणी व्हावी म्हणून मोहीम चालवली. २०२०मध्ये बोर्श्च युक्रेनच्या राष्ट्रीय वारसा यादीत आले. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने पूर्ण ताकदीने आक्रमण केले, आणि १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने ‘युक्रेनियन बोर्श्च रांधण्याची संस्कृती’ ही तातडीने जपण्याच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कारण पाककृती धोक्यात होती असे नव्हे. ती करणारी माणसे घरदार, परसबागा आणि शेजार सोडून परागंदा होत होती.

ही नोंद मालकीचा दाखला नाही. युनेस्को पदार्थाची नव्हे, समाजातल्या प्रथेची नोंद करते आणि दुसऱ्या देशाला आपली प्रथा नोंदवण्याची मुभा राहते. आपल्याकडे रसगुल्ल्यावरून पश्चिम बंगाल आणि ओडिशा भांडले तेव्हा दोघांना वेगवेगळे भौगोलिक मानांकन मिळाले, बंगालला २०१७मध्ये आणि ओडिशाला २०१९मध्ये. तो व्यापारातला हक्क. इथे तसा काही मिळत नाही. युक्रेनचे तेव्हाचे संस्कृतिमंत्री मात्र ‘बोर्श्चच्या युद्धात विजय आपलाच’ म्हणाले. त्याआधी एप्रिलमध्ये रशियाच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या मारिया झाखारोव्हा यांनी युक्रेन बोर्श्च वाटून घ्यायला तयार नाही, हा परद्वेष आहे, असा आरोप केला होता. दुसऱ्याच्या घरावर रणगाडे नेऊन कालवण वाटून घेण्याची भाषा करणे, हे ऐकणाऱ्याला विचित्रच वाटते.

१९१७च्या क्रांतीनंतर रशियातून पळालेले लोक हार्बिन आणि शांघायला स्थिरावले, तेव्हा बोर्श्चही चीनमध्ये गेले. शांघायमध्ये त्याचे ‘लुओसोंग थांग’ झाले, म्हणजे ‘रशियन सूप’. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत ते आजही जेवणाआधी पावाबरोबर येते. त्यात टोमॅटो असतो, कोबी असतो, गोमांस असते. बीट बहुधा नसते.