जठरनिर्गम अडथळा, मुलांमधील : पोट न उघडता उपचार

जठरातले अन्न ज्या खालच्या तोंडातून लहान आतड्यात उतरते, ते तोंड अरुंद झाले किंवा बंद पडले की त्याला जठरनिर्गम अडथळा म्हणतात. अशा मुलाच्या उलटीत दूध किंवा अन्न पडते, हिरवे पित्त पडत नाही, कारण पित्त आतड्यात येण्याची जागा या तोंडाच्या खाली असते. उलटी हिरवी असेल तर अडथळा त्याहून खाली आहे असे समजावे. त्यात आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि मग काही तासांत पोट उघडावे लागते. पुढे वर्णन केलेले उपचार त्या मुलांसाठी नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यात दवाखान्यात ‘दुर्बिणीने करू’ असे सांगितले जाते तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक अभिप्रेत असू शकते. एंडोस्कोपीत लवचिक नळी तोंडातून जठरात जाते आणि कुठेही छेद घेतला जात नाही. लॅपरोस्कोपीत पोटाला दोन-तीन बारीक भोके पाडून आतून शस्त्रक्रियाच होते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी यातली कोणती, हे नातेवाइकांनी विचारून घ्यावे.

तान्ह्या बाळांत सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे निर्गमद्वाराचा, म्हणजे जठराच्या या खालच्या तोंडाचा, स्नायू जाड होणे. बाळ साधारण तीन ते सहा आठवड्यांचे असते, मुलींपेक्षा मुलग्यांत हा विकार चार-पाच पट आढळतो. दूध पिचकारीसारखे लांब उडते आणि ओकून झाल्यावर बाळ लगेच पुन्हा भुकेने रडते. दृष्ट काढण्यात आणि डब्याचे दूध बदलण्यात चार-आठ दिवस गेले की वजन घटते, लघवी कमी होते. सोनोग्राफीत स्नायूची जाडी ३ मिलिमीटर किंवा अधिक आणि मार्गाची लांबी १५ मिलिमीटरच्या पुढे दिसली की निदान पक्के होते. सततच्या ओकारीतून आम्ल आणि क्लोराइड निघून गेल्याने रक्त अल्कधर्मी झालेले असते. ते सलाइनने ताळ्यावर येईपर्यंत भूल देत नाहीत, म्हणून ‘ऑपरेशनला उशीर का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रक्ताच्या तपासणीत असते.

येथे बिनछेदाचा उपचार आहे, पण तो पहिल्या पसंतीचा नाही. ॲट्रोपिन हे स्नायू सैल करणारे औषध आधी शिरेतून आणि नंतर तोंडाने काही आठवडे देतात. जपानमध्ये त्याचा बराच वापर झाला आणि अनेक बाळे त्याने बरी झाली. त्यासाठी रुग्णालयात बरेच दिवस राहावे लागते आणि काही बाळांना शेवटी शस्त्रक्रिया लागतेच. (ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते. म्हणून कोणी बाळाला झाडपाला देऊ नये, तो प्राणघातक ठरेल.) फुग्याने ताणण्याचेही प्रयत्न झाले, मात्र जाड स्नायू फुग्याला दाद देत नाही. जर्मन शल्यचिकित्सक रामस्टेट यांनी १९११ मध्ये केलेली, आतले अस्तर न फाडता फक्त स्नायू चिरण्याची शस्त्रक्रिया आजही प्रमाण मानली जाते. ती लॅपरोस्कोपीनेही होते. बाळ बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दूध पिऊ लागते. छेद टाळण्याचा हट्ट येथे महागात पडतो.

थोड्या मोठ्या मुलांत चित्र उलटे आहे, तिथे बिनछेदाचा उपचार लागू पडतो. संडास धुण्याचे ॲसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेले असते आणि तहानलेले मूल ते तोंडाला लावते. हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावात घरालाच कारखाना लागून असल्याने धातू उजळण्याची आणि शुद्ध करण्याची तीव्र आम्लेही हाताशी असतात. आम्ल जठराच्या खालच्या भागाला विशेष भाजते, कॉस्टिक सोड्यासारखे अल्क अन्ननलिकेला. अशा वेळी उलटी करवू नये, उतारा म्हणून लिंबू-सोडा पाजू नये, आणि बाटली मुलासोबत न्यावी.

फसगत होते ती नंतर. पहिल्या आठवड्यात मूल खायला लागते, घरी सोडतात, घरचे निर्धास्त होतात. भाजलेली जागा भरून येताना आकसते आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, उलट्या सुरू होतात. त्यात सकाळचे, क्वचित आदल्या दिवशीचे अन्न तसेच पडते. जेवल्यावर वरचे पोट फुगलेले दिसते. या उलट्यांचा त्या ॲसिडशी संबंध आहे हे पालकांच्या ध्यानात येतेच असे नाही.

या आकुंचनावर फुग्याचा उपचार लागू पडतो. भूल देऊन एंडोस्कोप जठरात नेतात, अरुंद भागातून बारीक तार आणि तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवतात. पाणी किंवा क्ष-किरणांत दिसणारा द्रव भरून तो एक ते तीन मिनिटे फुगवून धरतात. एका बैठकीत सगळे रुंद करायला जाणे म्हणजे जठर फाटण्याला आमंत्रण, म्हणून दर एक-तीन आठवड्यांनी थोडे थोडे वाढवत साधारण १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत जातात. जखम ताजी असताना फुगा घालत नाहीत. मधल्या काळात अन्न पोचवण्यासाठी नाकातून आतड्यापर्यंत नळी टाकावी लागते. फुगा काढल्यावर पोट दुखणे, ताप, छातीत किंवा मानेत सूज आली तर छिद्र पडल्याचा संशय घेतात. बऱ्याच बैठकांनंतरही मार्ग पुन्हा आकसत राहिला तर शस्त्रक्रियेचाच मार्ग उरतो, उदाहरणार्थ जठर आणि आतडे जोडणे.

खरी अडचण या फेऱ्यांची असते. शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे आणि जिल्ह्याबरोबर कोकणातूनही तिथे रुग्ण येतात. चंदगडच्या माणसाला मात्र कोल्हापूर शंभरेक किलोमीटर, बेळगाव त्याहून पुष्कळ जवळ. लहान मुलांची एंडोस्कोपी आणि त्यांना भूल देणारे डॉक्टर एकत्र जिथे सापडतील तिथेच सगळ्या बैठका करणे बरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती प्रक्रिया बसते हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरतीपूर्वी समजून घ्यावे. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंब फडावर असले तर बैठका चुकतात आणि जठराचे तोंड पुन्हा आवळते.

गिळलेल्या वस्तूंबाबत थोडक्यात : जठरात पोचलेले नाणे बहुधा आपोआप शौचावाटे पडते, त्रास नसेल तर काही आठवडे वाट पाहतात. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल मात्र दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. एकाहून अधिक चुंबके गिळली असतील तर ती जठरात असतानाच एंडोस्कोपीने काढतात, कारण पुढे गेल्यावर ती आतड्याच्या दोन भिंती एकमेकींना चिकटवून भोक पाडतात.

केसांचा गोळा हा यातला अपवाद. स्वतःचे केस उपटून खाण्याची सवय असलेल्या मुलांत, विशेषतः मुलींत, तो वर्षानुवर्षे वाढून जठराच्या आकाराचा होतो. केस पचत नाहीत, औषधाने विरघळत नाहीत, आणि एंडोस्कोपीने तुकडे करून काढण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा फसतो. त्यामुळे बहुधा पोट उघडूनच तो काढतात. गोळ्याची शेपटी आतड्यात गेली असेल तर तीही शोधून पूर्ण काढावी लागते. नंतर मानसोपचार सुरू केला नाही तर गोळा पुन्हा तयार होऊ शकतो.