उरलेलं म्हणजे शिळं नव्हे

"उरलेला माल स्वस्तात विकणं म्हणजे गरिबाच्या गळ्यात शिळं मारणं. त्यापेक्षा फेकलेलं बरं, मातीच होते त्याची." नागपुरात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतो. दोन्ही अर्ध्यांत खोट आहे.

कॉटन मार्केटात सांजच्याला जाऊन बघा. सकाळी तीसला असलेली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दहावर येते. पानं थोडी मलूल, चवीत फरक नाही. पाकिटावरचं 'बेस्ट बिफोर' चव नि दर्जाबद्दल सांगतं, 'युज बाय' सुरक्षिततेबद्दल. 'युज बाय' उलटलेला माल विकता येत नाहीच. स्वस्तात काढायचा तो त्याआधी.

आता माती. परसातल्या खड्ड्यात, हवा खेळती असेल तर होते. भांडेवाडीसारख्या डंपिंग यार्डात ढिगाखाली प्राणवायू पोचत नाही, मग मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट पृथ्वी तापवतो. शिवाय तो सांभार पिकवायला लागलेलं पाणी, वीज, डिझेल वाया गेलं ते वेगळंच.

आणि गळ्यात मारणं? दहा रुपये मोजणारी बाई जुडी उलटीपालटी करून बघते, नाही पटली तर ठेवून देते. फुकट वाटपाच्या रांगेत ही सोय कुठे? मात्र स्वस्त म्हणून चार जुड्या नेल्या नि घरी सडल्या, तर कचऱ्याचा फक्त पत्ता बदलला.