पायावरचा वळ आणि बीपीची गोळी

मे महिना, नागपूरच्या धंतोलीतलं घर, कूलर घरघरतोय. मावशीने चप्पल काढली तर पट्ट्याचा वळ पायावर तसाच. घोट्यापाशी बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. "किडनी गेली वाटतं माझी," ती म्हणाली. तपासण्या केल्या, किडनी ठणठणीत. कारण निघालं बीपीच्या गोळीत: अ‍ॅम्लोडिपिन, 10 मिलिग्रॅम.

रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू आवळायचा तर पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. ही गोळी त्या दाराला अडसर घालते. वाहिनी सैलावते, दाब उतरतो. (हाडांतल्या कॅल्शियमशी याचा काही संबंध नाही. गोळी सुरू झाली म्हणून दूध सोडू नका.) गोम अशी की धमन्यांच्या बारीक फांद्या सैलावतात, शिरा तेवढ्या नाही. येणारा नळ रुंद झाला, जाणारा तेवढाच राहिला, की मधल्या केशवाहिन्यांतून पाणी पाझरून घोट्याशी साचतं. त्यात नागपूरचं 45 अंशांचं ऊन वाहिन्या आणखी फुगवतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध शिराही मोकळ्या करतं, त्याचा उपयोग होतो. सिल्निडिपिन अ‍ॅम्लोडिपिनच्याच घराण्यातलं, पण ते मज्जातंतूंच्या टोकांवरची दारंही अडवतं. त्याने सूज कमी येते.

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हे याच कुळातले, पण त्यांचा डोळा हृदयावर. ते ठोके मंदावतात. त्यामुळे ठोके मंदावणाऱ्याच अटेनोलॉलसारख्या गोळीसोबत व्हेरापामिल दिलं, तर नाडी धोकादायकरीत्या उतरू शकते. शिवाय व्हेरापामिलने पोट गच्च होतं, ते वेगळंच. हृदयाचा पंप कमजोर असेल तर डॉक्टर ही दोन्ही टाळतात.

निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची एके काळी पद्धत होती. दाब इतका धाडकन कोसळायचा की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच अडचणीत यायचा. ती पद्धत सुटली ते बरंच झालं.

मावशीच्या डॉक्टरांनी मात्रा 5 वर आणली आणि टेल्मिसार्टन जोडलं. दोनेक आठवड्यांत वळ पुसट झाला. तेवढ्यात तिने कुठेतरी ऐकलं, ग्रेपफ्रूटने (संत्र्या-लिंबाच्या कुळातलं मोठं फळ) बीपीची गोळी अंगावर येते. गोष्ट खरी आहे. 1989 मध्ये कॅनडातल्या संशोधकांना फेलोडिपिन (अ‍ॅम्लोडिपिनच्याच घराण्यातलं) आणि दारू यांच्या प्रयोगात ते योगायोगानेच सापडलं: दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता आणि रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं दिसलं. आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम हा रस निकामी करतो. अ‍ॅम्लोडिपिनवर त्याचा परिणाम नगण्य.

"म्हणजे संत्री बंद?" मावशीचा चेहरा उतरला.

नाही. आपल्या संत्र्यात ती भानगड नाही. पपनसात मात्र आहे.