शंभर टक्के, पण कशाचे?

पावसाळ्यात पुण्यात सकाळच्या चहाबरोबर धरणांचे आकडे वाचले जातात. 'खडकवासला शंभर टक्के भरलं' अशी बातमी आली, की आमच्या जिन्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, वर्षाची काळजी मिटली." मला तेव्हा त्यांना थांबवून बाकीच्या तीन धरणांचे आकडे दाखवावेसे वाटतात.

आपल्या साखळीत चार धरणं आहेत: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. यात खडकवासल्याचा वाटा फक्त १.९७. ते काठोकाठ भरलं तरी साखळीतलं सात टक्केसुद्धा पाणी झालेलं नसतं. याउलट वरसगाव एकटंच १२.८२ टीएमसीचं. ते नुसतं निम्मं भरलं, तरी तीन भरलेल्या खडकवासल्यांपेक्षा जास्त पाणी जमा होतं. पण बातमीसोबतच्या चित्रात चारही धरणांच्या टाक्या बहुधा सारख्याच उंचीच्या काढलेल्या असतात. खडकवासल्याची टाकी निळीशार आणि वरसगावची अर्धी रिकामी. चित्रातला एकही आकडा खोटा नाही, तरीही बघणारा चुकतो. म्हणून टक्के दिसले की आधी 'कशाचे?' हे शोधावं. मला तर ही सवय पाढ्यांइतकीच गरजेची वाटते.

स्तंभालेखात फसगत होते ती पायापाशी. समजा, एखाद्या क्लासच्या जाहिरातीत दोन स्तंभ आहेत: 'आमचा निकाल ९२ टक्के, इतरांचा ८८.' उभा अक्ष शून्याऐवजी ८५ पासून सुरू केला, तर एक स्तंभ सात घरं उंच होतो आणि दुसरा तीन. चार टक्क्यांचा फरक डोळ्यांना दुपटीहून मोठा दिसतो. स्तंभाची उंची हेच त्याचं माप असल्यामुळे त्याचा पाया शून्यावरच हवा. रेषालेखाला मात्र हा नियम सरसकट लावू नये. शिवाजीनगरचं एप्रिलमधलं कमाल तापमान शून्यापासून काढलं, तर रोजचा चढउतार सपाटच दिसेल. तिथे अक्ष मधूनच सुरू करणं रास्त, फक्त त्यावरचे आकडे ठळक हवेत.

आलेख निदान समोर असतो, मोजून बघता येतो. प्रश्नाचं तसं नाही. उत्तरांचे टक्के छापून येतात, पण प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता ते बऱ्याचदा येतच नाही. डोनल्ड रग या अमेरिकन संशोधकाने १९४१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. लोकांच्या एका गटाला विचारलं, 'लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणं करायला परवानगी द्यावी का?' ६२ टक्के लोक 'देऊ नये' म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला विचारलं, 'अशा भाषणांवर बंदी घालावी का?' 'घालावी' म्हणणारे निघाले ४६ टक्के. परवानगी न देणं आणि बंदी घालणं, व्यवहारात एकच. पण 'बंदी' हा शब्द कानाला कठोर लागतो आणि माणूस हात आखडता घेतो.

हे आठवायला कारण घडलं ते आमच्याच सोसायटीत. गेल्या महिन्यात दाराखालून एक कागद आला: 'गाड्यांची वाढती गैरसोय दूर करण्यासाठी मागील बाजूची झाडे काढून पार्किंग वाढवावे, असे आपणांस वाटते का?' पर्याय तीन: 'होय, लगेच', 'होय, टप्प्याटप्प्याने' आणि 'सांगता येत नाही'. 'नाही' म्हणायला जागाच नव्हती. शिवाय पार्किंग हवं पण झाडंही राहू देत, असं ज्याला वाटतं त्याने खूण कुठे करायची? दोन प्रश्न एकाच वाक्यात कोंबले होते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण अशा कागदावर मिळालेल्या बहुमताने झाडं गेली असती.

आणखी एक घोळ होता. बरीचशी उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर घेणार होते. एकूण किती जणांनी उत्तर दिलं, यापेक्षा कोणी दिलं हे महत्त्वाचं. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या तिथल्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं घेतली होती टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे मुख्यतः खाऊनपिऊन सुखी घरांतली. त्यातही ज्यांना कळकळ होती त्यांनीच उत्तर पाठवलं. म्हणून काळजीपूर्वक पाहणी करणारे उत्तर यायची वाट बघत बसत नाहीत, निवडलेल्या घरी स्वतः जातात. आपल्या डेक्कनवरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तीही कुटुंबाकुटुंबातून माहिती घेऊन. तिचा पहिला भाग १९४५ साली आला.

आम्ही दोघातिघांनी तो कागद नव्याने लिहिला. पार्किंगचा प्रश्न वेगळा, झाडांचा वेगळा, 'गैरसोय' हा शब्द काढला आणि रविवारी घरोघर गेलो. तळमजल्यावरच्या आजींकडे साधा फोन आहे, त्या ग्रुपवर नाहीत. चष्मा लावून त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "जांभूळ ठेवा म्हणायचं असेल, तर कुठे खूण करू?"

या वेळी त्यांना दाखवायला चौकोन होता.