जुन्या छायाचित्रांतील रस्ते ओस का दिसतात?

‘मध्ययुगीन शहरांच्या पहिल्या छायाचित्रांत माणसेच नाहीत, म्हणजे ती शहरे तेव्हा ओस पडलेली होती,’ असा मजकूर कोल्हापुरातील ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. रिकामे चौक पाहून अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

खरे कारण छायाचित्रणाच्या तंत्रात आहे. १८३९ साली जाहीर झालेल्या डॅगेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला भर उन्हातही कित्येक मिनिटे लागत. तेवढ्या वेळात दगडी भिंत जागची हलत नसे, पण चालता माणूस किंवा घोडागाडी एका जागी इतकी कमी थांबे की तिचा ठसाच उमटत नसे. पॅरिसच्या एका हमरस्त्याचे १८३८ चे चित्र पाहण्यासारखे आहे: रस्ता निर्मनुष्य, आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ मात्र ओळखू येतो.

१८५१ नंतर काचेवर ओला रासायनिक थर देऊन चित्र घेण्याच्या पद्धतीने हा वेळ सेकंदांवर आला. त्या काळची चित्रे मोठी करून पाहिल्यास धुरकट आकृत्या अनेकदा सापडतात. स्वतः पडताळायचे असल्यास तिन्हीसांजेला कोल्हापुरातील बिंदू चौकात फोन ट्रायपॉडवर लावून, लेन्ससमोर प्रकाश कमी करणारी गडद काच (एनडी फिल्टर) बसवून, प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची मांडणी हाताने ठरवण्याच्या सोयीत) आयएसओ सर्वांत कमी ठेवून शटर ३० सेकंद उघडे ठेवावे. चौकातला जुना बुरूज स्पष्ट येईल, रिक्षांच्या दिव्यांच्या रेघा उरतील आणि चालणारी माणसे जवळजवळ नाहीशी होतील.