इंग्रजी शब्दसंपदेच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी

चौकशीला येणारे पालक आणि विद्यार्थी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : ‘महिन्याला किती शब्द करून घेता?’ प्रश्न रास्त आहे. फी भरायची तर हिशेब हवाच. पण आमचा वर्ग शब्दांच्या आकड्यावर चालत नाही. का चालत नाही आणि त्याऐवजी आम्ही काय करून घेतो, ते इथे सांगतो. पटलं तर या.

शब्द कोणते?

‘ॲडव्हान्स्ड’ शब्द म्हणजे चारचौघांना न कळणारा शब्द, ही समजूत आधी सोडायला हवी. इंग्रजीत सतत लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची यादी मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी बरीच वर्षं ते बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षणाच्या क्षेत्रात होते आणि आपल्याकडच्या मुलांच्या इंग्रजी वाचनाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला या यादीतले बरेचसे शब्द ओळखीचे असतात. अडतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर.

ती पायरी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली नीट मांडून दाखवली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांच्या लेखनात सारखे येणारे 570 शब्दगट (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक गट) त्यांनी निवडले. ॲझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट, कन्सिस्टंट, सब्सिक्वेंट हे त्यातलेच. अभ्यासविषयक लेखनात दर शंभर शब्दांमागे सुमारे दहा शब्द या गटांतले असतात. कथा-कादंबऱ्यांत मात्र हे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली जातं. म्हणून इंजिनिअरिंग, लॉ किंवा एमबीएला जाणाऱ्या मुलाला आम्ही गोष्टीच्या पुस्तकांबरोबर अग्रलेख, अहवाल आणि त्याच्याच विषयाची पाठ्यपुस्तकं वाचायला लावतो.

आणखी एक आकडा पालकांनी लक्षात ठेवावा. शब्दकोश न उघडता कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दगट लागतात, असं शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 च्या अभ्यासातून दिसतं. इतके शब्द कुठलाही वर्ग वर्षभरात पाठ करून घेऊ शकत नाही, आणि तसं सांगून फी घेणं आम्हाला मान्य नाही. वाचनाची सवय लावणं आणि पहिले दोन-तीन हजार शब्द पक्के करून घेणं, एवढं आमच्या हातात आहे. ते आम्ही मनापासून करतो.

शब्दाची सोबत

आमचा सर्वांत जास्त वेळ या भागावर जातो. मराठीत आपण परीक्षा देतो, लक्ष देतो, भेट देतो, राजीनामा देतो, त्रासही देतो. एका ‘देणे’वर सगळं भागतं. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतात, लक्ष आणि भेट ‘पे’ करतात, राजीनामा ‘सबमिट’ करतात आणि त्रास ‘कॉज’ करतात. ‘करणे’ची तीच गत : गुन्हा ‘कमिट’, सर्वेक्षण ‘कंडक्ट’, शस्त्रक्रिया ‘परफॉर्म’, चूक ‘मेक’, गृहपाठ ‘डू’. यातलं एकही क्रियापद अवघड नाही. पण ज्याच्या लेखनात ही क्रियापदं जागच्या जागी बसतात त्याचं इंग्रजी पहिल्या परिच्छेदातच वेगळं उठून दिसतं. उलट पाठ केलेला एखादा भारदस्त शब्द चुकीच्या सोबतीत आला की परीक्षकाच्या तो लगेच डोळ्यांत खुपतो.

म्हणून आमच्या वहीत शब्द आणि समोर मराठी अर्थ असे दोन रकाने नसतात. एक शब्द घ्या, ‘मिटिगेट’. शब्दकोशात अर्थ मिळतो : तीव्रता कमी करणे. तेवढ्यावर थांबलेला विद्यार्थी ‘मिटिगेट द प्राइस’ असं लिहून मोकळा होतो, कारण किंमतही कमीच करायची असते. आम्ही आधी तो शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवून घ्यायला सांगतो. मग त्याच्याबरोबर कोणती नामं येतात ते शोधायला लावतो : रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, इफेक्ट्स. सगळी नको असलेल्या गोष्टींची, हे विद्यार्थ्याच्या आपणहून ध्यानात येतं. त्याखाली घराणं : मिटिगेशन, मिटिगेटिंग, अनमिटिगेटेड. उच्चारात जोर पहिल्या ‘मि’वर, तोही खुणेनं दाखवायचा. शेवटी स्वतःच्या कामातलं एक वाक्य. कृषी पदवीची मुलगी लिहील, ‘ड्रिप इरिगेशन कॅन मिटिगेट द इम्पॅक्ट ऑफ अ ड्राय स्पेल’. एका शब्दाला वहीचं अर्धं पान जातं. ते जाऊ द्यावं.

धातू आणि उपसर्ग

संस्कृतचा थोडाफार अभ्यास झालेल्यांना इथे मोठा फायदा आहे. ‘नी’ म्हणजे नेणे. त्यापासून विनय, अभिनय, निर्णय, परिणय, प्रणय झाले. लॅटिनमध्ये ‘ड्यूकेरे’ म्हणजेही नेणे. त्यातून इंग्रजीत इंट्रोड्यूस, रिड्यूस, प्रोड्यूस, डिड्यूस, इंड्यूस आले. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो ही रीत आपल्याला परकी नाही. मात्र ‘नेणे’ माहीत असल्यानं ‘विनय’चा अर्थ ओळखता येईलच असं नाही, तसंच ‘डिड्यूस’चंही आहे. धातू उपयोगी पडतो तो अर्थ कळल्यावर तो लक्षात ठेवायला. नुसत्या धातूवरून परीक्षेत अंदाज बांधू नये.

उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगानं विसरलं जातं. म्हणून आम्ही शब्दांच्या कार्डांची कप्पे असलेली पेटी वापरतो. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं. अडलेलं पहिल्या कप्प्यात परत. फोनवर करायचं असेल तर अशाच कार्डांचं ॲन्की नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर ते मोफत मिळतं. दोन्हींत डावं-उजवं नाही, रोज हातात घेणं महत्त्वाचं.

परीक्षेसाठी येत असाल तर

परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी देतात त्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि ॲनॅलॉजीचे (शब्दजोड्यांतलं नातं ओळखण्याचे) प्रश्न 2011 च्या ऑगस्टमध्येच गेले. तरी त्या काळातल्या जाड याद्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून खपतात. त्यावर पैसे घालू नका. आता गाळलेला शब्द परिच्छेदाचा ओघ पाहून भरायचा असतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात आणि संभाषणात शब्दसंपदेला चौथा हिस्सा गुण आहेत, आणि तिथे नेमकेपणा व शब्दांची योग्य सोबत पाहिली जाते. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांचं वेगळं आहे. समानार्थी, विरुद्धार्थी, वन वर्ड सब्स्टिट्यूशन तिथे थेट विचारतात, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांना जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या याद्या कराव्याच लागतात. त्यांची बॅच आम्ही वेगळी ठेवतो.

पहिल्या दिवशी काय आणावं

एक दोनशे पानी वही, आणि तुम्ही वाचायला घेतलेला पण अर्ध्यावर सोडलेला कोणताही इंग्रजी मजकूर : अग्रलेख, पुस्तकातलं पान, कंपनीचं पत्र, काहीही. जिथे अडलात तिथे पेन्सिलीनं खूण करा, अर्थ शोधून आणू नका. त्या खुणा पाहून तुमची पायरी ठरते आणि त्यावरून बॅच. या पहिल्या बैठकीची फी नाही. शब्दकोश विकत घेण्याची घाई नको. लर्नर्स डिक्शनरी वर्गात ठेवलेल्या आहेत, त्या चाळून पाहा आणि मग ठरवा. नोकरी करणाऱ्यांची बॅच संध्याकाळी असते. बैठकीला येण्याआधी एक फोन करावा, म्हणजे तुमच्यासाठी अर्धा तास मोकळा ठेवता येतो.