‘७२ डीपीआय’चा गैरसमज

संकेतस्थळावरचे छायाचित्र ७२ डीपीआयचेच असावे, नाहीतर पान जड होते, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो निराधार आहे. डीपीआय ही फाइलमधली केवळ एक नोंद असून छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे एवढेच ती सांगते, आणि ब्राउझर सहसा तिच्याकडे पाहतही नाही. १२०० बाय ८०० पिक्सेलचे एकच चित्र, फक्त ही नोंद ७२ ऐवजी ३०० करून साठवले, तरी पडद्यावर तसूभरही फरक दिसत नाही आणि फाइलचा आकारही जवळपास तेवढाच राहतो. (नोंद बदलताना सॉफ्टवेअरने पिक्सेलही कमी केले तर फाइल हलकी होते, आणि श्रेय भलत्यालाच मिळते.) हा आकडा रूढ झाला तो अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकामुळे, ज्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, तो पडदा गेला, आकडा चिकटून राहिला. खरा प्रश्न पिक्सेलच्या संख्येचा असतो: ६०० पिक्सेल रुंदीच्या जागेतले चित्र दुप्पट घनतेच्या (म्हणजे तेवढ्याच रुंदीत दुप्पट पिक्सेल असलेल्या) मोबाइलवरही रेखीव दिसायला हवे असेल, तर ते १२०० पिक्सेल रुंद लागते. चित्रातच कोरलेले शीर्षक मात्र लहान पडद्यावर चित्राबरोबर आक्रसते, म्हणून ते चित्रावर स्वतंत्र मजकूर म्हणूनच ठेवावे.